न्हाणीघर आधी, दिवाणखाना मागून

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत पाहुण्याला न्हाणीघर कुठे आहे हे विचारावे लागत नसे. पहाटे बंब पेटला की धूरच त्याला वाट दाखवी. वाडा रावपुऱ्यातला असो की दांडिया बाजारातला, मांडणी बहुधा ठरलेली. पुढे ओसरी, मग चौक, त्यामागे माजघर, स्वयंपाकघर, देवघर आणि सर्वांच्या पाठीमागे परसू. परसात आड, आडाशेजारी न्हाणी आणि अगदी शेवटच्या भिंतीला टेकून संडास. तांब्याचा बंब, पितळेचे घंगाळ, बसायला काळ्या दगडाची शिळा आणि मोरीतून वाहत जाऊन अळूच्या मुळाशी मुरणारे पाणी, असा तो सारा थाट होता.

ह्या मांडणीला कारणे होती, आणि ती नीट पाहिल्याखेरीज आजच्या घराचा विचार करता येत नाही. पहिले कारण पाण्याचे. पाणी आडावर, म्हणून न्हाणीही आडावर. तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकीर्दीत, १८९० च्या सुमारास आजव्याचा तलाव बांधला गेला आणि पाणी नळाने शहरात आले; तरी पुष्कळ वाड्यांतली न्हाणी होती तिथेच राहिली. दुसरे कारण विस्तवाचे. बंबाचा धूर आणि राख घरात नको. तिसरे सोवळ्याचे, स्वयंपाक आणि देव ह्यांच्यापासून ओवळे जितके दूर तितके बरे. चौथे कारण मात्र सांगायला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. संडास मागच्या भिंतीला असे, कारण मागच्या बोळातून एक माणूस येई आणि आपल्या घरची घाण डोक्यावरून वाहून नेई. त्या माणसाचे तोंड घरातल्यांना दिसू नये अशी ती सोय होती. टोपलीच्या संडासांवर आणि ह्या कामावर १९९३ साली कायद्याने बंदी आली. २०१३ साली त्याहून कडक कायदा झाला.

तात्पर्य, आड बुजले, बंब माळ्यावर गेले, ओवळ्याच्या कल्पना सैल झाल्या आणि मागचा बोळ निकामी झाला. चारही कारणे गेली. मागे राहिली ती फक्त सवय. घर आखताना आपण अजूनही दिवाणखान्यापासून सुरुवात करतो आणि सर्व खोल्या बसवून झाल्यावर जी फट उरेल तिच्यात न्हाणीघर कोंबतो. ह्या सवयीविषयीच मला थोडे लिहावयाचे आहे.

हा विषय माझ्यासारख्या गाण्याच्या मास्तराला सुचावा ह्याचे वाचकांना नवल वाटेल. निमित्त असे की आमचा जुना वाडा आम्हांला उतरवावा लागला. तुळयांना वाळवी लागली होती आणि मागची भिंत फुगली होती. चोवीस फूट दर्शनी आणि सत्तर फूट खोल, अशी ती पट्टीसारखी जागा; दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. माझे वडील १९४९ च्या विलीनीकरणापूर्वी काही वर्षे दरबारच्या कलावंत कारखान्यात गायक होते. मी त्यांच्या उतारवयातला, घरातले शेंडेफळ. हल्ली घरात आई, आम्ही दोघे आणि एक मुलगी. आईचे वय ब्याऐंशी. थोरले बंधू पुण्यास असतात, पण घराच्या बाबतीत त्यांचा शब्द अजून चालतो.

तरुण आर्किटेक्टाने पहिला नकाशा आणला तो देखणा होता. पुढे माझी शिकवणीची खोली, अठरा फूट लांब; मध्ये चौक; मागे आईची खोली. आणि आईचे न्हाणीघर जिन्याखाली, चार फूट बाय सात फूट, आत संडास धरून. मी मापे मोजली. राष्ट्रीय इमारत संहितेने २०१६ च्या आवृत्तीत न्हाणी आणि संडास एकत्र असतील तर किमान २.८ चौरस मीटर जागा आणि १.२ मीटर रुंदी सांगितली आहे. जिन्याखालची ती खोली भरत होती २.६ चौरस मीटर. म्हणजे किमानाहूनही कमी, आणि वर जिन्याचा उतार डोक्याशी.

तिचा एक गुण मात्र मी त्या मुलाला सांगितला. समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींत चार फुटांचे अंतर असले की सेकंदाला सुमारे १४० कंपनांचा स्वर तिथे आपोआप फुगतो. पुरुषांच्या काळी एक पट्टीचा षड्ज जवळजवळ तिथेच येतो. न्हाणीत प्रत्येकाला आपला आवाज चांगला वाटतो त्याचे रहस्य हेच. पण आई तिथे षड्ज लावायला जाणार नव्हती.

न्हाणीघराचे माप कोणाच्या अंगाने घ्यावे, हा खरा प्रश्न आहे. नकाशा काढणारा तरुण असतो, सही करणारा मध्यमवयीन असतो, आणि पडतो तो म्हातारा. घरातल्या इतर कुठल्याही खोलीत माणूस एकटा, ओल्या पायांनी, कडी लावून आणि हाताला काही आधार नसताना वावरत नाही. इथे रोज वावरतो. म्हाताऱ्या माणसाला तर रात्री दोनदा तीनदा उठून जावे लागते.

आमच्या आत्या उत्तम गात. वीसेक वर्षांपूर्वी त्या आपल्या मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये न्हाणीत घसरल्या. खोली अरुंद होती आणि दार आत उघडणारे होते. आत्या नेमक्या दाराला आडव्या पडल्या. बाहेरून ढकलावे तर दार त्यांच्याच अंगावर. शेवटी सुतार आणून बिजागऱ्या कापाव्या लागल्या. त्यात पाऊण तास गेला. खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, त्या काठी घेऊन चालू लागल्या. पण तानपुरा मांडीवर घेऊन पुन्हा कधी बसल्या नाहीत. एका दाराची बिजागरी कुठल्या बाजूला लावायची ह्यावर किती अवलंबून असते, हे मला त्या दिवशी कळले. म्हणून आमच्या नकाशात सर्वांत आधी ठरले ते दार. ते बाहेर उघडेल किंवा भिंतीवर सरकेल, पूर्ण तीन फूट रुंद असेल, आणि त्याची कडी बाहेरून नाण्यानेही फिरवता येईल अशी असेल.

त्यानंतर क्रम. आत शिरल्यावर हात धुणे, मग शौच, मग स्नान, ह्या क्रमाने पाणी वाढत जाते. म्हणून दाराजवळ बेसिन, त्यापुढे कमोड आणि सर्वांत शेवटी, खिडकीखाली, स्नानाची जागा. पुष्कळ नकाशांत नळ सोयीचा पडतो म्हणून स्नान दाराशी येते आणि कमोड पलीकडे जाते. मग दिवसभर घरातला प्रत्येक माणूस ओल्या फरशीवरून जातो आणि तेच पाय घेऊन घरात येतो. कोरडे आधी आणि ओले शेवटी, एवढे एक सूत्र पाळले तरी निम्मे अपघात टळतील असे मला वाटते.

कागदावर दोन इंचांचा चौकोन पाहून ही गोष्ट कळत नाही. मी चौकाच्या फरशीवर खडूने न्हाणीघर खऱ्या मापाने आखले. बेसिनच्या जागी स्टूल, कमोडच्या जागी खुर्ची, नळाच्या जागी बादली. आणि आईला म्हटले, "आई, तू आत जाऊन स्नान करून बाहेर ये बघू." आधी ती हसली. मग खरोखरच एकेक हालचाल करू लागली, आणि आर्किटेक्ट वही काढून लिहू लागला.

खुर्चीवरून उठताना तिचा उजवा हात हवेत आधार शोधत होता. तो जिथे गेला तिथे मी भिंतीवर खूण केली. ती जमिनीपासून अडीच फुटांच्या जरा वर आली. पोलादी दांडा तिथेच बसणार. असे दांडे पुढे बसवू म्हटले की टाईल्स फोडाव्या लागतात आणि पोकळ ब्लॉकच्या भिंतीत स्क्रू धरत नाही, म्हणून ती जागा भरीव विटांची हवी, हे बांधकामाआधीच ठरले. कमोडची बैठक जमिनीपासून अठरा इंच. त्याहून खाली बसले तर तिचे गुडघे उठू देत नाहीत. बादलीशी ती वाकली आणि म्हणाली, "अरे, बादली वर हवी. मी खाली जायचं की पाण्यानं वर यायचं?" म्हणून स्नानाच्या जागी बसायला अठरा इंचांचा पक्का ओटा आणि त्याच्या शेजारी बादलीसाठी फूटभर उंचीचा दुसरा. शॉवर आहे, पण तोही हातात धरायचा, नळीचा.

मग तिने विचारलेला प्रश्न आम्हां दोघा पुरुषांना सुचलाच नव्हता. "अंग पुसून झालं. आता लुगडं कुठे नेसू?" खरेच कुठे? ओल्यात नेसले तर काठ भिजतो, पायात अडकतो. बाहेर येऊन नेसावे तर घरात माणसे. आपल्या घरांतल्या बायका कित्येक वर्षे ओल्या मोरीत एका पायावर तोल सावरीत लुगडे नेसत आल्या, आणि आपण त्याला न्हाणीघराचा दोष म्हटले नाही. निऱ्या घालायला निदान तीन फूट बाय तीन फूट कोरडी जागा लागते. ती बेसिनसमोर मिळाली, आणि तिच्यासाठी खोली पाच फूट बाय नऊ फूट झाली. त्यात कमोडच्या एका बाजूला अडीच फूट मोकळी जागाही आली, म्हणजे वेळ पडली तर दुसऱ्या माणसाला शेजारी उभे राहून हात देता येईल. म्हाताऱ्या माणसाचे न्हाणीघर दोघांच्या मापाचे असावे, हे आमच्या आर्किटेक्टाला आता पाठ झाले आहे.

परंतु पाच बाय नऊची खोली जिन्याखाली मावेना. ती आईच्या खोलीला लागून आणावी तर पलीकडे देवघराची भिंत. इथे वाद झाला. दादांना मी नकाशा पाठवला. त्यांचा फोन आला तो संतापूनच. "देवघराला लागून संडास? बाबांना चाललं असतं का?"

फोन आईच्या हातात होता. ती शांतपणे म्हणाली, "त्यांना चाललं असतं की नाही, ते मला नाही ठाऊक. शेवटची दोन वर्षं त्यांना चालताच येत नव्हतं, ते ठाऊक आहे."

दादा गप्प झाले. ती दोन वर्षे दोघांनाही आठवत होती. दादा सुट्टीवर आले की तो आणि मी, एरवी मी आणि एक शेजारी, वडिलांना खुर्चीसकट उचलून चौकातून परसाकडे नेत असू. पावसाळ्यात एकाने डोक्यावर छत्री धरायची. भर दरबारात शाल घेतलेला तो माणूस अशा वेळी डोळे मिटून घेई. आम्ही वाहत होतो ह्याचे त्यांना दुःख नव्हते. चौकातून शिष्य पाहत असत ह्याचे होते. पुढे पुढे ते दुपारनंतर पाणी पिईनासे झाले.

देवाचा मान राखण्याला माझा विरोध नाही, आणि वास्तुशास्त्र मानणाऱ्यांनी दिशा अवश्य पाहावी. पण भिंत सामाईक नको एवढाच मुद्दा असेल तर तो विटांनी सुटतो. देवघर आणि न्हाणी ह्यांच्या मध्ये आम्ही दोन फूट खोलीच्या कपाटांची रांग धरली. दोन भिंती, मध्ये पांघरुणे आणि जुन्या वह्या. ओल पलीकडे जाणार नाही, नळाचा आवाज जाणार नाही आणि दादांचे मनही राहील. तानपुरे मात्र त्या कपाटांत ठेवायचे नाहीत. भोपळा आणि लाकूड दमट भिंतीशी राहिले की सांधे सुटतात आणि जवारी बिघडते. वाद्ये असलेल्या प्रत्येक घराने न्हाणीची भिंत कोणत्या खोलीशी लागते हे पाहिलेच पाहिजे.

हे दोन फूट कुठून तरी यायला हवे होते. ते माझ्या शिकवणीच्या खोलीतून आले. अठराचे सोळा झाले. मागच्या रांगेतली तीन-चार मुले आता एकमेकांना कोपर लावून बसतील. मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली त्या शहरात गाण्याच्या खोलीचे दोन फूट न्हाणीला द्यायचे, हे काही शिष्यांना पटले नाही. मला पटले. शिकवणी आठवड्यातून चार दिवस, बैठक वर्षातून पाच-सहा वेळा. न्हाणीघर रोज आणि रात्री-अपरात्री. ज्या खोलीत माणूस सर्वांत असहाय असतो, तिला घरातली उत्तम जागा मिळावी.

आता घर बांधावयास निघालेल्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. जमिनीचा उतार साठास एक पुरतो, म्हणजे चार फुटांत पाऊण इंचाच्या थोडा वर; तो जाळीकडे हवा, दाराकडे नव्हे. जुन्या चार इंची उंबऱ्याने पाणी अडे, पण पायही अडे. कोरड्या आणि ओल्या भागांत अर्ध्या इंचाहून अधिक पायरी ठेवू नये. उतार बरोबर असेल तर पाणी आपोआप आपल्या वाटेने जाते. फरशी गुळगुळीत नको. पॉलिश न केलेला कोटा आम्ही पसंत केला. चकचकीत टाईलवर साबणाचे पाणी पडले की ती तेलासारखी होते. फरशी बसवण्यापूर्वी खोलीत पाणी भरून निदान दोन दिवस ठेवावे. गळायचे असेल तर ते तेव्हाच गळेल. वरच्या मजल्याची न्हाणी खालच्या न्हाणीवरच यावी, म्हणजे नळ सरळ उतरतात आणि कोणाच्या डोक्यावर किंवा चुलीवर ओल येत नाही.

पाणी तापवण्याविषयी विशेष सांगायचे आहे. बंब उघड्यावर असे आणि त्याचा धूर डोळ्यांत जाई, म्हणून माणूस सावध राही. गॅसचा गीझर बंद न्हाणीत लावला की त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग असतो ना वास. अशा न्हाण्यांत तरुण माणसे स्नानाला गेली आणि बाहेर आली नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. गॅसचा गीझर बाहेर, मोकळ्या हवेतच असावा. विजेचा असेल तर ३० मिलिअँपिअरला तुटणारी संरक्षक कळ हवी आणि बटण दाराबाहेर. आमच्या जागेला दोन्ही अंगांना भिंती, म्हणून वाड्यातला चौक लहान का होईना पण आम्ही राखला. न्हाणीची खिडकी त्यातच उघडते. उजेड आणि वारा ह्यांची बरोबरी पंखा करू शकत नाही.

शेवटची गोष्ट खास बडोदेकरांसाठी. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात ह्या शहरात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री पुन्हा घराघरांत शिरली. पुष्कळांच्या घरी पाणी दारातून येण्याआधी न्हाणीच्या जाळीतून आणि कमोडमधून वर आले. गटार भरले की ते मिळेल त्या वाटेने उलटते. म्हणून जोते उंच घ्यावे आणि घरातून गटाराकडे जाणाऱ्या नळावर पाणी उलट येऊ न देणारी झडप बसवावी. तिचा खर्च एका झुंबराहून कमी आहे. आईचे न्हाणीघर तळमजल्यावर असणारच. ते पुरातही निर्धास्त असावे.

घराचे काम सध्या लिंटलपर्यंत आले आहे. पाच बाय नऊच्या त्या खोलीला अजून छप्पर नाही, जाळी नाही, दांडा नाही. परवा आई काठी टेकीत बांधकामावर आली. दिवाणखाना कुठे, देवघर कुठे, हे तिने विचारले नाही. आपल्या पलंगाच्या जागी उभी राहिली आणि तिथून न्हाणीच्या दारापर्यंत पावले मोजत गेली. सात भरली. गवंड्याकडे वळून ती म्हणाली, "ह्यात एकही वाढवू नकोस हो."